दुर्मिळ पक्षी दिसला म्हणता, पण ओळख पक्की कशी केली? (विदर्भातल्या पक्षीनिरीक्षकांसाठी)

सातपुडा_पायथा (अचलपूर)

मंडळी, पावसाळा सरला की आपल्याकडे दुर्मिळ पक्ष्यांच्या बातम्यांना ऊत येतो. गेल्या पंधरवड्यात एका ग्रुपवर वनपिंगळा झाला, तणमोर झाला आणि परवा तर चक्क 'माळढोक, बहुतेक मादी' म्हणून एक फोटो आला. फोटोत तुरीच्या ओळी, त्यामागे ऑक्टोबरच्या उन्हाच्या झळा आणि त्या झळांत लांब मानेचं काहीतरी उभं. खाली भराभर अंगठे पडले. ही लांडोर कशावरून नाही, असं एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या ओळखी चुकतात त्या दुर्मिळ पक्षी माहीत नसल्यामुळे नव्हे. पुस्तकात माळढोकाचं चित्र सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. लांडोर मात्र आपण कधी नीट पाहिलेली नसते, कारण ती रोज दिसते. दुपारी बाराला, दोनशे मीटरवरून, नुसती मान आणि पाठ दिसताना लांडोर कशी दिसते हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच माळढोकाचं नाव घ्यावं. माळढोकाचा नर मीटरभर उंच आणि वजनाला पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. मादी बरीच लहान, पण तिचीही मान फिकट आणि डोक्याची टोपी काळी. उडाला तर पंखावरचा काळा-पांढरा भाग दिसतो. लांडोरीच्या मानेवर हिरवी झाक असते आणि डोक्यावर तुरा. झळांमध्ये यातलं काही म्हणता काही दिसत नाही. तेव्हा 'दिसलं नाही' असंच लिहावं.

असे फसवे पक्षी आपल्या आजूबाजूला ढीगभर आहेत. पावशा उडत येऊन झाडावर बसला की हुबेहूब शिक्रा वाटतो, लहान पक्षीसुद्धा फसून ओरडायला लागतात. ठिपक्यांची कोकिळा दर उन्हाळ्यात कोणालातरी 'अनोळखी शिकारी पक्षी' म्हणून भेटतेच. रातबगळ्याचं तपकिरी, ठिपकेदार पिल्लू तलावाच्या काठाला बसलेलं असतं आणि लोक त्याला बिटर्न (गवतात लपणारा बगळ्याच्या कुळातला पक्षी) करून टाकतात. पांढऱ्या गिधाडाचं पिल्लू काळपट तपकिरी असतं, ते तर भल्याभल्यांना चकवतं. शिवाय अधूनमधून रंगद्रव्य कमी असलेली पांढरी साळुंकी किंवा पांढरा कावळा निघतो आणि गावभर बोभाटा होतो.

आता वनपिंगळ्याकडे येतो, कारण मेळघाट आमच्या दारात आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच. धाग्यापुरतं ठरवून घेऊ: पिंगळा म्हणजे गावातला स्पॉटेड आउलेट, जंगली पिंगळा म्हणजे जंगल आउलेट आणि वनपिंगळा म्हणजे फॉरेस्ट आउलेट. नाहीतर तिघे तीन पक्ष्यांबद्दल भांडतील.

वनपिंगळ्याची गोष्ट बऱ्याच जणांना अर्धीच माहीत असते. ब्लेविट यांनी १८७२ साली हल्लीच्या छत्तीसगडात पहिला नमुना मिळवला, ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं वर्णन केलं आणि १८८४ नंतर खरा नमुना मिळालाच नाही. मधल्या काळात मायनर्ट्झहागेन नावाच्या कर्नलसाहेबांचा, गुजरातेत १९१४ साली मिळवला म्हणून सांगितलेला एक नमुना होता. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी तपास केला तेव्हा उघड झालं की तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना, नव्याने शिवून खोटी चिठ्ठी लावलेला. खोट्या चिठ्ठीमुळे लोक भलतीकडे शोधत राहिले होते. ती नोंद बाद करून जुन्या, खऱ्या जागांकडे मोर्चा वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी सापडला. मेळघाटात तो असल्याचं त्यानंतर समजलं. एक खोटी नोंद किती वर्षं वाया घालवू शकते याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

तर विचारायचं हे: तुम्ही मैदानात नेमकं काय बघता, कोणत्या क्रमाने बघता आणि कधी हात टेकता? अनुभव लिहा. फोटोवर फोटो नकोत.

वैनगंगाकाठ

चांगला विषय काढलात भाऊ. पूर्व विदर्भात आमचं दुखणं वेगळं आहे. इथे धानाच्या बांध्या आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव, त्यामुळे पाणपक्षी भरपूर आणि अर्धे तरी गवतात लपलेले. सारसाचा प्रश्न नाही, माणसाएवढा उभा राहणारा पक्षी कोणीही ओळखतो. गोंदियात तर शाळेतली पोरंसुद्धा. खरी परीक्षा पाणलाव्यांची.

बांधीतून चालताना पायाखालून पाणलावा उडतो, नागमोडी जातो आणि लांब जाऊन गडप होतो. हातात दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत पंखाची मागची कड बघायची. कडेला ठळक पांढरी पट्टी दिसली तर कॉमन स्नाइप. पट्टी जवळपास नसेल आणि पंखाची खालची बाजू सगळी गडद पट्ट्यापट्ट्यांची असेल तर पिनटेल स्नाइप. इथपर्यंत ठीक. पण पिनटेल आणि त्याच्यासारखाच दिसणारा स्विन्हो स्नाइप यांच्यातला खात्रीचा फरक शेपटीच्या बाहेरच्या पिसांत असतो. पिनटेलची ती पिसं टाचणीसारखी बारीक. उडत्या पक्ष्यात ती बघायची म्हणजे नशीबच लागतं. मी वहीत सरळ 'पिनटेल किंवा स्विन्हो' लिहितो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही असा जोड पर्याय दिलेला असतो, पण तो निवडायला लोकांना कमीपणा का वाटतो कोण जाणे.

माळावरचा (वाशीम)

तणमोराचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्या वाशीम-अकोला भागातले गवताळ माळ हे या पक्ष्याच्या राज्यातल्या शेवटच्या काही जागांपैकी. पावसाबरोबर येतो. नर विणीच्या काळात काळा, पंखावर पांढरा पट्टा आणि कानामागून निघालेली लांब, टोकाला रुंद झालेली पिसं. गवतातून जवळपास दोन मीटर उंच उडी मारतो, त्याच वेळी बेडकासारखा कर्रर आवाज येतो आणि परत गवतात. एका दिवसात शेकडो वेळा. एवढं दिसलं तर ओळखीचा प्रश्नच नाही, प्रश्न आपल्या तोंडाला कुलूप लावायचा आहे.

अडचण मादीची आणि पावसाळ्यानंतरच्या नराची. दोघेही वाळूच्या रंगाचे, वर काळ्या खुणा. सोयाबीन काढणीच्या वेळी शेतातून असा पक्षी उडाला की लगेच 'तणमोर!' होतं. त्यातले बहुतेक करवानक असतात. करवानकाचा डोळा मोठा, पिवळा, घारा आणि उडताना पंखावर काळ्यावर पांढऱ्या पट्ट्या दिसतात. शिवाय करवानक उडण्याआधी पळतो, थांबतो, मान खाली घालून बसतो. वागणूक बघितली तर पिसं बघायची वेळच येत नाही. तणमोराची मान लांब आणि सडपातळ, पाय लांब, चालणं कोंबडीसारखं नाही.

आणि एक सांगायलाच हवं. या माळांवर तणमोर टिकून आहे त्यात फासेपारधी समाजातल्या लोकांचा मोठा वाटा आहे. ज्यांच्या पिढ्या फासे लावण्यात गेल्या, त्यांनीच गवत राखलं, चराई थांबवली, घरट्याच्या जागा जपल्या. त्यांच्यातला एखादा म्हातारा गवत कुठे दबलंय ते बघून सांगतो की इथे कोणता पक्षी बसून गेला. आपण कॅमेऱ्याचं बटण शोधत असतो तेव्हा.

कपाशीवाला

राजेहो, माळावरच्या भाऊनं माह्या मनातलं लिहिलं. तुम्ही लोकं दुर्बीण घेऊन सकाळी दोन तास येता, चहा पिता, जाता. आमच्या इकडचा गुराखी बारा महिने माळावर असते. त्याले इंग्रजी नाव येत नसन, पण कोणता पक्षी कधी येते, कुठं बसते, काय खाते हे त्याले पक्कं माहीत असते. त्याले इचारत काहून नाही कोणी? फोटोवाले येतात, गाडी थांबवतात, त्याच्या म्हशीले हॉर्न मारतात अन् पुढं जातात.

अन् दुसरं. आमच्याकडं दसऱ्याले नीळकंठ पाह्याची पद्धत हाये. त्या दिवशी सारे तारेवर नजर ठेवून असतात. चांगली गोष्ट हाये ना. नीळकंठ नीट पाहून ठेवला तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जाता-येता दिसणारा त्याचा भाऊबंद युरोपियन रोलर वेगळा कळन.

टिटवी

कपाशीवाले भाऊ, शंभर टक्के. रोलरचं तर अगदी सोपं आहे. आपल्या नीळकंठाच्या छातीवर तांबूस-जांभळट छटा, गळ्यावर पांढरट रेघा. युरोपियनचं डोकं आणि पोट सगळंच फिकट निळं. उडताना आपल्याचा पंख गडद-फिकट निळ्या पट्ट्यांचा, त्याचा मात्र पुढचा भाग फिकट निळा आणि उडण्याची पिसं काळपट.

पण 'गुराख्याला विचारा' हे अर्धंच खरं असं मला वाटतं. विचारायची पद्धतही यायला हवी. मी पाहिलंय, लोक पुस्तकातलं तणमोराचं चित्र पुढे धरतात आणि विचारतात, 'काका, हाच दिसला ना?' काका पाहुण्याला नाही कसं म्हणतील? चित्र खिशात ठेवा. 'केवढा होता, काय करत होता, कसा उडाला, आवाज कसा' हे विचारा. उत्तर जुळलं तरच चित्र काढा, तेही चार-पाच पक्ष्यांचं.

नवखा_निरीक्षक

नमस्कार, मी या छंदात नवीन आहे. वाचून धीर आला म्हणून विचारतो. मागच्या रविवारी परतवाड्याहून धारणीकडे जाताना सकाळी नऊच्या सुमारास सागाच्या वाळक्या फांदीवर एक छोटं घुबड बसलेलं दिसलं. चांगलं ऊन पडलेलं होतं. डोक्यावर ठिपके नव्हते. छाती गडद वाटली. दिवसा दिसला म्हणजे वनपिंगळा का? फोटो मोबाइलवरचा आहे, उलट्या उजेडात, जरा काळा आलाय. खाली जोडलाय.

टिटवी

स्वागत! आधी एक विनंती: रस्त्याचं नेमकं ठिकाण असेल तर इथे लिहू नका. आत्ता लिहिलंय तेवढं ठीक.

आता पक्षी. 'दिवसा दिसला' हा पुरावा धरू नका. वनपिंगळा दिवसा वावरतो हे खरं, पण जंगली पिंगळाही दिवसा ओरडतो, फिरतो आणि गावातला पिंगळा तर भर दुपारी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. फोटोत उलट्या उजेडामुळे सगळीच छाती काळी झाली आहे, त्यामुळे 'छाती गडद' हेही सध्या बाजूला ठेवू.

मला हे सांगा: १) डोक्यावर ठिपके दिसले नाहीत, की नव्हते? यात फरक आहे. २) पाठ दिसली का, ती एकसारखी होती की ठिपक्यांची की बारीक आडव्या रेघांची? ३) खालचं पोट आणि पाय, म्हणजे शेपटीच्या मुळाशी, पांढरंशुभ्र होतं का? ४) शेपूट हलवत होता का आणि कशी?

नवखा_निरीक्षक

१) खरं सांगायचं तर 'दिसले नाहीत'. साधारण तीस मीटर अंतर होतं. २) पाठ नाही दिसली, तो माझ्याकडे तोंड करून बसला होता. ३) पोटाचं लक्षात नाही. ४) शेपूट लक्षात नाही. पण दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ आहे, त्यात शेवटी तो वळून उडतो. तो टाकू का?

सातपुडा_पायथा (अचलपूर)

टाका, टाका! फोटोपेक्षा व्हिडिओ कितीतरी बरा. तोपर्यंत तिन्ही पिंगळ्यांचं एकत्र लिहून ठेवतो, नंतर येणाऱ्यांनाही उपयोग होईल.

गावातला पिंगळा: डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके, कपाळापासूनच. जंगली पिंगळा: अंगभर बारीक, दाट आडव्या रेघा, डोकंसुद्धा रेघांचंच, जणू कोणी कंगव्याने ओढल्यात. वनपिंगळा: डोकं आणि पाठ जवळपास कोरी, गडद करडी-तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. छातीवर दोन्ही बाजूंचा गडद रंग मधे येऊन जवळजवळ पट्टा होतो, बरगड्यांवर आडवे पट्टे आणि त्याखाली पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. पाय दाट पांढऱ्या पिसांनी भरलेले, बेढब वाटावेत इतके. डोकं आणि चोच शरीराच्या मानाने मोठी. बिथरला की शेपूट डावी-उजवीकडे हलवतो.

एकच खूण बघून वनपिंगळा म्हणू नये. धुळीत, सावलीत किंवा पिसं झडताना पिंगळ्याचे डोक्यावरचे ठिपके लांबून पुसट होतात. डोकं, पाठ, पोट, शेपूट यातल्या किमान तीन जागा नीट दिसायला हव्यात.

अधाशी_लेन्स

एवढा कीस कशाला काढायचा? आता ॲप आहे. मर्लिन लावा, फोटो टाका, आवाज रेकॉर्ड करा, दोन मिनिटांत नाव. जमाना बदललाय काका.

वैनगंगाकाठ

मर्लिन मीही वापरतो, चांगलंच आहे. पण नागझिऱ्यात एका सकाळी मर्लिनने पाच मिनिटांत शिक्रा, सर्पगरुड आणि आणखी कायकाय दाखवलं. वर बघितलं तर पल्लवपुच्छ कोतवाल एकटाच बसून सगळ्यांच्या नकला करत होता. ॲपला नकलाकार कळत नाही, तो आपल्याला दिसायला लागतो. शिवाय दुर्मिळ पक्ष्यांचे आवाज शिकवायला मुळात रेकॉर्डिंग कमी. ॲपने सुचवलेलं नाव ही शोधाची सुरुवात समजा.

अधाशी_लेन्स

बरं, आवाजाचं मान्य. पण फोटो असेल तर? फोटो खोटं बोलत नाही.

जुना_वनवाटाड्या

बोलतो हो. फोटोसारखा थापाड्या नाही.

वाटाड्या म्हणून बरीच वर्षं लोकांना जंगल दाखवलं, त्यामुळे लेन्सवाल्यांशी माझं जुनं नातं आहे. संध्याकाळच्या उन्हात करडा पक्षी तांबूस येतो, ढगाळ दिवशी तांबूस पक्षी करडा येतो. एक्स्पोजर जरा वाढलं की फिकट भोवत्या (हॅरियर, शिकारी पक्षी) आणखी फिकट होतो. मांडी, चोच, डोळा यांचं प्रमाण कोनानुसार बदलतं. एक फोटो म्हणजे पक्ष्याच्या आयुष्यातला एक क्षण. सलग दहा फोटो, वेगवेगळ्या कोनांतून, वाईट असले तरी जास्त कामाचे.

भोवत्यांवरून सांगतो. हिवाळ्यात गवताळ माळावर, हरभऱ्याच्या शेतावर संध्याकाळी भोवत्ये येतात, गवतात एकत्र झोपतात. नर सोपे. माँटेग्यू आणि पॅलिड या त्यांच्या दोन जाती; माँटेग्यूच्या पंखावर वरून एक काळी पट्टी आणि बरगड्यांवर तांबूस रेषा. पॅलिड अगदी फिकट, पंखाच्या टोकाला काळा पाचरीसारखा भाग. माद्या आणि पिल्लं मात्र सगळ्यांना रडवतात. तिथे चेहरा बघायचा. पॅलिडच्या कानामागे फिकट गळपट्टा आणि त्यामागे मानेची गडद बाजू. माँटेग्यूला तो गळपट्टा नसतो, डोळ्याभोवती पांढरं जास्त असतं. हे दिसायला पक्षी जवळून, बाजूने आणि चांगल्या उजेडात जायला हवा. गेला नाही तर 'भोवत्या, मादी किंवा पिल्लू' लिहून घरी जायचं.

गरुडांचंही तेच. स्टेप ईगल की टॉनी ईगल, यात रंग बघू नका, रंगात दोघेही बहुरूपी. तोंडाची पिवळी कड बघा. स्टेपची कड डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत जाते, टॉनीची डोळ्याच्या मध्यापर्यंत. ठिपकेवाल्या गरुडांची नाकपुडी गोल, या दोघांची लांबट. स्टेपच्या पिल्लाच्या पंखाखाली रुंद पांढरा पट्टा असतो, तो उडताना लांबूनही दिसतो.

कपाशीवाल्या भाऊंच्या मुद्द्याला एक जोड देतो. जेर्डनचा धाविक (जेर्डन्स कोर्सर) हा पक्षी १९०० नंतर हरवलाच होता. जुन्या नोंदींत ब्लॅनफर्डने तो आपल्या सिरोंचा भागातही नोंदवला आहे, म्हणजे गडचिरोलीच्या टोकाला. पुढे जानेवारी १९८६ मध्ये तो आंध्रात कडपा जिल्ह्यात पुन्हा मिळाला. संशोधक गावोगाव चित्रं दाखवत फिरत होते आणि शेवटी रात्री पक्षी पकडला तो तिथल्याच एका शिकाऱ्याने. हा पक्षी निशाचर. त्यामुळे सिरोंचाकडे दिवसाढवळ्या नांगरलेल्या शेतात धाविक दिसला तर तो साधा भारतीय धाविकच. त्याची छाती तांबूस-नारिंगी, डोळ्यावरची पांढरी आणि काळी पट्टी मागे मानेवर मिळते. जेर्डनच्या छातीवर दोन गडद पट्टे असतात. सिरोंचाला रात्री टॉर्च घेऊन कोणी फिरायला जाणार असेल तर वनविभागाची परवानगी काढून जा, एवढंच म्हणेन.

माळावरचा (वाशीम)

काका, तुमचं 'भोवत्या, मादी किंवा पिल्लू' मला पटतं. पण एक प्रश्न. असं सगळंच 'अनिश्चित' लिहिलं तर दुर्मिळ पक्ष्यांच्या नोंदी कमी होतील, माळ वाचवायला पुरावा लागतो. सोलार प्रकल्प, खाणी, रस्ता काहीही आलं की पहिला प्रश्न 'इथे काय आहे?' असाच असतो. मग आपण 'बहुतेक तणमोर' म्हणून कसं चालेल?

जुना_वनवाटाड्या

त्यासाठीच अनिश्चितला अनिश्चित म्हणायचं ना बापा. सुनावणीत तुमची एक नोंद खोटी निघाली की उरलेल्या खऱ्या नोंदींवरही पाणी पडतं. समोरचा वकील लांडोरीचा फोटो काढून दाखवेल आणि तुमचा माळ गेला. तणमोराचा स्पष्ट पुरावा मिळवायचा तर पावसाळ्यात, लांबून, गाडीतून न उतरता, उडीचा व्हिडिओ घ्या. तारीख, वेळ, किती अंतरावरून, सोबत कोण होतं, हे त्याच जागी लिहा. घरी जाऊन पुस्तक उघडण्याआधी. पुस्तक उघडलं की आठवणीतला पक्षी चित्रासारखा व्हायला लागतो.

टिटवी

हे शेवटचं वाक्य मी फ्रिजवर लावणार आहे.

नोंद कुठे करायची हेही सांगते. ईबर्डवर एखादा पक्षी त्या भागासाठी असामान्य असेल तर यादी भरतानाच सूचना येते आणि तपशील मागितला जातो. तिथे 'नक्की तोच होता' एवढं लिहून भागत नाही. काय दिसलं, कोणत्या सारख्या पक्ष्यांपासून वेगळा कसा केला, हे लिहावं लागतं. नंतर तपासणारे स्वयंसेवक प्रश्न विचारतात. लोकांना त्याचा राग येतो, मलाही एकदा आला होता, पण त्यांचे प्रश्न इथल्यापेक्षा सौम्य असतात. आणि काही संवेदनशील प्रजातींची नेमकी जागा ईबर्ड स्वतःच लपवतं, त्यामुळे तिथे नोंद करायला घाबरू नका. घाबरायचं तर व्हॉट्सॲपवरच्या 'लोकेशन प्लीज'ला घाबरा. वनपिंगळ्याच्या झाडाखाली दहा कॅमेरे उभे राहिले आणि कोणी स्पीकरवर त्याचा आवाज वाजवत बसलं की तो आपला इलाखा राखायला दिवसभर ओरडत राहतो, खायचं सोडून.

अधाशी_लेन्स

आवाज वाजवणारा मी नाही, आधीच सांगतो.

कपाशीवाला

तुले कोणी म्हणलं बे? सवताच सांगून राह्यला.

वैनगंगाकाठ

गिधाडांचं कोणी काढलं नाही म्हणून थोडक्यात. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रातली गिधाडं पेंच आणि ताडोबात आणली, नंतर ती मोकळी सोडली. ती लांब लांब फिरतात. त्यामुळे उमरेड, पवनी, भंडारा कुठेही गिधाड दिसलं तर आधी पाठीवर ट्रान्समीटर किंवा पंखावर टॅग आहे का बघा, टॅगचा नंबर वाचता आला तर उत्तम, आणि वनविभागाला कळवा. पांढऱ्या पाठीचं गिधाड खालून बघितलं तर पंखाचा पुढचा भाग पांढरा आणि अंग काळं, हा फरक उंचावरूनही कळतो. लांब चोचीचं एकूण फिकट. पिल्लांच्या बाबतीत मी गप्प बसतो.

आणि मेलेलं गिधाड दिसलं तर तेही कळवा. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक (हे वेदनाशामक दिलेलं मेलेलं जनावर खाल्लं की गिधाड मरतं) २००६ पासून बंद आहे, तरी माणसांसाठीची बाटली गोठ्यात पोचू शकते.

नवखा_निरीक्षक

व्हिडिओ जोडला. उशीर झाला, गावात नेट नव्हतं.

टिटवी

बघितला, थांबवून थांबवून. नवव्या सेकंदाला तो मान खाली घालतो तेव्हा डोक्याचा वरचा भाग उजेडात येतो. बारीक आडव्या रेघा आहेत, कपाळापासून मानेपर्यंत. वळताना पाठही तशीच. शेपटीवरचे पट्टे अरुंद. माझ्या मते जंगली पिंगळा. पायथा भाऊ, तुम्ही बघा.

सातपुडा_पायथा (अचलपूर)

जंगली पिंगळा, काही शंका नाही. उडताना पंखावर तांबूस झाकही दिसते, तीही त्याचीच. आणि शेवटी लांबून एक आवाज येतोय, आधी संथ आणि मग वेग घेत जाणारा, तोही जंगली पिंगळ्याचाच. तो याच पक्ष्याचा की दुसऱ्याचा ते सांगता येणार नाही.

नवखे भाऊ, नाराज होऊ नका. मेळघाटात जंगली पिंगळा इतका नीट बघितलेली माणसंही फार नाहीत. पुढच्या वेळी ठिपके-रेघांसाठी डोकं आधी बघा, चेहरा नंतर. आपली नजर डोळ्यांवर खिळते आणि पिवळे डोळे तर तिघांचेही सारखेच.

नवखा_निरीक्षक

नाराज कसला, उलट आता तिन्ही पाठ झाले. सगळ्यांचे आभार.

जाता जाता अजून एक. काल संध्याकाळी शेतातल्या विजेच्या तारेवर छोटा ससाणा बसला होता. पोट पांढरट, त्यावर काळ्या खुणा, गाल पांढरे. पाय पिवळे नव्हते, नारिंगी होते, हे मात्र दुर्बिणीतून नीट पाहिलं आणि पुस्तक उघडायच्या आधी वहीत लिहिलं. खरूची का?

जुना_वनवाटाड्या

शाब्बास, वही आली. नारिंगी पाय म्हटल्यावर खरूची मागे पडते, तिचे पाय पिवळे. नोव्हेंबरात अमूर ससाणे आपल्यावरून जातात, त्यांची मादी असू शकते. पण अजून नाव घेऊ नका. नखं काळी होती की फिकट? डोळ्याभोवतीची कड कोणत्या रंगाची? पाठ विटकरी की करडी? आणि एकटाच होता की तारेवर पुढेमागे आणखी बसले होते? उद्या सकाळी त्याच तारेवर बघून या, मग बोलू.